हरणाबाईला आलेले तीन फोन

पाटणच्या खोऱ्यात अशी एक वाडी नव्हती, जिथं हरणाबाईच्या हातानं नाळ कापलेलं माणूस नाही. ती सुईण होती. निरोप आला की हातातलं काम टाकून उठायचं आणि डोंगर चढायला लागायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा रिवाज. अशाच एका बाळंतिणीकडे निघाली असताना शेवाळलेल्या वाटेवरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गावच्या वैद्यानं बांधलं खरं, पण ते वाकडं सांधलं. त्या दिवसापासून हरणाबाई पायांवर उभी राहिली नाही. हातावर जोर देऊन बसल्या बसल्या सरकायचं, तेवढंच उरलं.

नवरा मागेच गेलेला. पोटची एकच लेक, मनू, सांगलीला दिलेली. जावई गुंडा हळदीच्या पेठेत भाऊसो नावाच्या अडत्याकडे तोलार होता. एका खोलीत सासू, सासरा, दोन दीर. तिथं लोळागोळा झालेली आई कुठं ठेवणार? भाऊसो साताऱ्याच्या एका निराधार आश्रमाच्या कमिटीवर होते. त्यांनी शब्द टाकला आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात हरणाबाई अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या लांबलचक कौलारू इमारतीत आली. तिथं तीस-पस्तीस माणसं होती. कुणी म्हातारं, कुणी आंधळं, कुणी लढाईतून अर्धं परत आलेलं.

आश्रमात फोन आला तो त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीत, आणि तोही भाऊसोंमुळेच. त्याची एक गोष्ट होती. कमिटीच्या एका बैठकीला आले असताना एका म्हाताऱ्यानं त्यांच्याजवळ आपल्या मुलासाठी निरोप दिला होता. भाऊसो तो विसरले. आठवला तेव्हा म्हातारा मरून महिना झाला होता. ती गोष्ट त्यांना लागली. त्यांनी स्वतःच्या खर्चानं आश्रमात फोन बसवला, वर्षाचं भाडं आपल्या नावावर घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हा फोन ऑफिसचा नव्हं. हा तुमचा हाय. आपल्या मानसांशी बोला."

व्यवस्थापक लालासाहेबांनी त्या दिवशी फोनला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी फोनच्या मापाची शिसवी पेटी करून घेतली आणि तिला पितळी कुलूप लावलं.

लालासाहेब वाईट दिसणारा माणूस नव्हता. धुतलेली खादी, मऊ बोलणं, सगळ्यांना अहो-जाहो. त्यांचा एकच शब्द होता, शिस्त. फोन करायचा तर आठ दिवस आधी अर्ज द्यायचा. का बोलायचं, कुणाशी, किती वेळ, ते त्यात लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं लालासाहेबांकडूनच लिहून घ्यायचं. महिन्यातून एकच वार ठरलेला. बोलताना लालासाहेब शेजारी बसणार. आणि तारखात्याचे पैसे अधिक आश्रमाचा 'व्यवस्था निधी' मिळून जो आकडा व्हायचा, तो ऐकून निम्मी माणसं अर्ज न करताच परत फिरायची. दोरखंड वळून महिन्याला जे चार पैसे सुटत, ते एका फोनला पुरत नसत.

हरणाबाईनं संक्रांतीला भाऊसोंच्या पेढीवर पहिला फोन केला. आयुष्यातला पहिलाच. कानाशी तो काळा दांडा धरला आणि आतून मनूचा आवाज आला, "आई, मी हाय गं." हरणाबाईला पुढं बोलताच येईना. सांगली इतकी जवळ आहे हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. मनूला तिसरा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. हरणाबाई आठ दिवस त्याच आनंदात होती. कापडाचे तुकडे जमवून तिनं नातवासाठी दुपटं शिवायला घेतलं.

दुसरा फोन फाल्गुनात. खाणंपिणं कसं आहे, असं मनूनं विचारलं आणि हरणाबाई सरळ मनानं म्हणाली, "दूध मिळतंय, पर त्यात दूध कमी आन् पानीच जास्ती." शेजारी बसलेल्या लालासाहेबांनी हात पुढं केला आणि फोनच्या खुंटीवर बोट दाबलं. आवाज तुटला.

"संस्थेची बदनामी करायला हा फोन नाही, हरणाबाई," ते शांतपणे म्हणाले. "तीन महिने तुमचा फोन बंद."

हरणाबाईनं तेव्हाही भांडण केलं नाही. तीन महिने म्हणजे वैशाख. पोरगीला सातवा लागेल तेव्हा बोलू, असं म्हणून ती गप्प बसली. शिवून झालेलं दुपटं तिनं सांगलीला जाणाऱ्या एका माणसाबरोबर धाडून दिलं. पुढं कितीदा तरी तिनं त्या गप्प बसण्यावर स्वतःला शिव्या घातल्या.

वैशाखातल्या एका सकाळी रखवालदार धुळा पडवीत आला आणि म्हणाला, "हरणाक्का, तुमचं जावई फाटकाशी उभं हाईत. आत या म्हनलं तर येत न्हाईत."

हरणाबाई सरकत सरकत फाटकाशी गेली. गुंडा खरंच बाहेर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खाली. त्यानं काखेतलं बोचकं तिच्यापुढं ठेवलं. वरचं फडकं सुटलं, तर आत ते दुपटं.

"ह्ये कशापायी आनलंसा?" हरणाबाईनं विचारलं.

"मनूनं परत द्या म्हनून सांगितलंय, मामी."

"बाळ?"

गुंडानं मान हलवली. "गेलं. ल्योक हुता. पोटातच गेलं. आज आठवा दीस."

हरणाबाईनं फाटकाचा गज धरला. "आन् मनू?"

"मनू हाय. झटकं आलं हुतं तिला. मिरजेच्या दवाखान्यात न्हेली म्हनून वाचली. डाक्टर म्हनलं, चार दीस आदी आणायला पायजे हुतं."

"आदी काय हुत हुतं तिला? पाय सुजलं हुतं?"

"पाय सुजलं, तोंड सुजलं. डोस्कं ठनकतंय, डोळ्यांम्होरं काजवं दिसत्यात म्हनायची. आमच्या आईला वाटलं, उनाचा तरास." गुंडाचा आवाज चढला. "म्हनून तर तुमाला फोन लावला, मामी. मनू म्हनली, आईला इचारा, आई सांगंल ती खरं. एक डाव न्हाई, तीन डाव लावला. दोन डाव सायब म्हनलं, निरोप देतो. तिसऱ्या डावाला म्हनलं, म्हातारी बोलायला तयार न्हाई. तिला कुनाच्या भानगडीत पडायचं न्हाई."

हरणाबाईनं दुपट्यावरचं सुटलेलं फडकं परत ओढून घेतलं.

"मनू खाटंवर पडून वाट बघत हुती, मी घरी जाऊन सांगितल्यावर भिताडाकडं तोंड केलं तिनं," गुंडा म्हणाला. "तवापास्नं तुमचं नाव काडलं न्हाई. आज येवडंच म्हनली, ह्ये परत दिऊन या."

"जावईबापू," हरणाबाई म्हणाली, "मला कुनी एक शबूद सांगितला न्हाई. तीन डाव तुमी बोलावलंत, ह्ये मी आत्ता, ह्या घडीला ऐकतीया."

गुंडानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या तोंडावर त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण तो फाटकातून आत आला.

हरणाबाईला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. डोळ्यांपुढं खोऱ्यातली एक पोर उभी राहिली, फार वर्षांपूर्वीची. असंच तोंड सुजलेलं, असेच काजवे. तेव्हा हरणाबाई नवखी होती, तिला कळलं नव्हतं. ती पोर झटके येऊन तिच्या मांडीवर गेली होती. त्यानंतर तसं तोंड दिसलं की हरणाबाई कुणाचं ऐकून घेत नसे. डोलीत घाला, गाडी जुंपा, दवाखाना गाठा. अशा सहा जणी तिनं वाचवल्या होत्या. परक्यांच्या सहा. आणि पोटच्या लेकीला तेच एक वाक्य सांगायला तिला पंधरा हातांवरच्या खोलीत नुसतं उचलून नेऊन बसवायचं होतं. तेवढंही कुणी केलं नाही.

"चला," ती म्हणाली. "तुमी बी चला माझ्यासंगट."

लालासाहेब टेबलाशी बसून काही लिहीत होते. हरणाबाई उंबरा ओलांडून आत आली, मागं गुंडा. पडवीत दोर वळत बसलेला मानसिंगही आपली चाकाची फळी ढकलत दारापर्यंत आला. मानसिंग तिशीतला गडी. पलटणीत सिग्नलला होता. इटलीत फोनच्या तारा ओढता ओढता सुरुंगावर गेला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली तिथंच राहिले.

"लालासाहेब," हरणाबाईनं विचारलं, "माझ्या लेकीचा फोन आला हुता?"

त्यांनी गुंडाकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला. "आला होता."

"कितींदा?"

"दोन-तीनदा असेल."

"मला का सांगितलं न्हाई?"

"तुमचा फोन बंद होता. शिक्षा म्हणजे शिक्षा. एकाला सवलत दिली की सगळे मागतात."

"आन् म्हातारी बोलायला तयार न्हाई, ह्ये कोन म्हनलं?"

लालासाहेबांनी उत्तर दिलं. आवाज तसाच मऊ. "ते तुमच्या हितासाठी होतं, हरणाबाई. तिकडे आजारपण, रडारड. तुम्ही इथं ऐकून काय करणार होता? तुम्हाला तर धड उठताही येत नाही. उगाच जिवाला घोर. मी विचार केला, म्हातारीला शांत राहू द्यावं."

चाळीस वर्षं लोकांनी हरणाबाईला भर पावसात, भर उन्हात हाका मारल्या. काय करावं हे तिला विचारलं. आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात एक पोर जन्मताना पाहिलं नसेल, त्यानं ठरवलं की तिला सांगून काही उपयोग नाही. का, तर तिची कंबर मोडलीय.

"माझी कंबर मोडलीय," ती म्हणाली. "जीभ न्हाई मोडली. एक शबूद सांगायला कंबर लागती व्हय? मिरजेला न्या, येवडं सांगायला? तुमी माझा नातू मारलासा, लालासाहेब."

"तोंड सांभाळून बोला."

"न्हाई सांबाळत. लय दीस सांबाळलं." तिनं दाराकडे मान वळवली. "मानसिंगा, ती पेटी उगडता ईल का तुला?"

मानसिंग तोवर आत आला होता. त्यानं टेबलावरच्या पेटीकडे एकदा नजर टाकली. "कुलूप चांगलं हाय, आक्का. पर सुतार येडा हुता. बिजागऱ्यांचं स्क्रू भाईरनं बसवल्यात." त्यानं कनवटीचा दोर कापायचा चाकू काढला आणि गुंडाला म्हणाला, "पाव्हणं, जरा खाली घ्या ती पेटी."

गुंडानं पेटी तारेसकट उचलून जमिनीवर ठेवली. लालासाहेब उठून उभे राहिले. "धुळा," त्यांनी हाक मारली, "यांना बाहेर काढ."

धुळा दारात आला. आत बसलेली म्हातारी, तो बिनपायाचा गडी, खाली ठेवलेली पेटी, सगळं त्यानं बघून घेतलं. मग म्हणाला, "सायब, मला पगार फाटक राखायचा मिळतो. मानसं उचलून टाकायचा न्हाई." आणि तो दारातच भिंतीला टेकून उभा राहिला.

चार स्क्रू निघायला फार वेळ लागला नाही. फळी बाजूला झाली. मानसिंगनं फोनची मूठ गरगर फिरवली, दांडा कानाला लावला आणि हरणाबाईच्या हातात दिला. "एक्स्चेंज हाय. सांगलीला भाऊसोंच्या पेढीचा ट्रंक कॉल मागा. आन् म्हनावं, मनूबाईला बोलावून घ्या."

पलीकडून आवाज आला. एक्स्चेंजमधला हुसेन. दिवसपाळीला तोच असायचा. हरणाबाईनं सांगितलं तसं त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण बोलतंय?"

"हरणाबाई. आश्रमातली."

मग हुसेन म्हणाला, "आजी, ते तीन कॉल मीच जोडून दिले होते. पलीकडून तो माणूस किती गयावया करत होता, ते मी ऐकलंय. तुम्ही बोलायला तयार नाही म्हटल्यावर मला तुमचा राग आला होता, खोटं कशाला सांगू."

"मला कुनी बोलावलं न्हाई, बाबा."

"थांबा," तो म्हणाला, "लाइन मिळाली की घंटी देतो. आज लाइन भरलेली आहे, तास-दीड तास लागेल. पण मी सोडत नाही." जाता जाता तीन मिनिटांचे किती पडतील तेही त्यानं आपणहून सांगितलं. लालासाहेब घेत त्याच्या निम्म्याहून ते कमी होते. हरणाबाईनं तो आकडा मोठ्यानं परत म्हटला, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मग तो तास. सांगावा न धाडता बातमी इमारतभर गेली आणि एकेक जण येऊन दाराशी बसायला लागला. आंधळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आले. लालासाहेब खुर्चीवर बसून पुन्हा लिहायला लागले होते, पण टाक चालत नव्हता. एकदा ते म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना याचे परिणाम भोगावे लागतील." दारातली एक म्हातारी म्हणाली, "भोगतुयाच की."

हरणाबाई फोनशेजारी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिच्या मनात एकच चाललं होतं, की घंटी वाजली आणि मनूनंच यायला नकार दिला तर? आठ दिवसांची ओली बाळंतीण, पेढीपर्यंत येईल कशी? आणि का म्हणून येईल?

घंटी वाजली. मानसिंगनं दांडा तिच्या कानाशी दिला. खूप लांबून, विहिरीतून आल्यासारखा आवाज आला. "कोन?"

"मी हाय गं मनू. आई."

काही नाही. नुसता श्वास.

"मनू, ऐकतीयास का?"

"ऐकतीया. गाडीत घालून आनलंय मला. काय ती लवकर बोल."

"मला कुनी सांगितलं न्हाई, मनू. तुज्या गळ्याची आन. तीन डाव बोलावलंस, मला एक डाव बी कळलं न्हाई. मी बोलत न्हाई म्हनून ह्यांनीच सांगितलं. गुंडा हितंच बसल्यात, त्यांना इचार."

"आता काय त्याचं." मनूचा आवाज कोरडा होता. "जायचं ती गेलं."

माफी मागावी तर कशाची? हरणाबाईनं डोळे मिटले आणि लेकीचा श्वास ऐकत राहिली. तो श्वास अर्ध्यावर अडत होता. छाती भरून घ्यायला गेलं की दुखतं, तेव्हा बाई असाच श्वास घेते. शेकडो बायांच्या उशाशी तिनं तो ऐकला होता.

"मनू," तिनं हळूच विचारलं, "दूध आलंय का गं तुला?"

मग मनू म्हणाली, "आलंय."

"दाटलंय?"

"दगडागत झालंय, आई. हात लावू देत न्हाई. अंगात कणकण हाय. सासूबाई म्हंत्यात, आपसूक जाईल."

"आपसूक जातंय, पर तवर जीव खातंय. मी सांगते ती ध्यानात ठेव. मोगऱ्याची फुलं आन. सांगलीत आत्ता ढीग आसंल. वंजळ वंजळभर दोनीकडं ठेव आन् वरनं लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांध. फुलं सुकली की बदल. सकाळ-सांज. आन् पिळून काढू नगंस, कुनी काय बी सांगू दे. काडशील तितकं पुन्यांदा भरंल. दोन दिसांत उतरंल बग. ताप चढला, नायतर एकाच जागी लाल गाठ दिसली, तर येळ घालवू नगंस, त्याच दवाखान्यात जा. ऐकलंस?"

"ऐकलं."

मध्येच हुसेनचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढीव बाबा," हरणाबाई म्हणाली.

"आई," मनू म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "तू पैल्याच दिशी बोलली असतीस तर..."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "तर मी म्हनले असते, गाडी जुपा. तुजा ल्योक आज तुज्यापाशी असता. मी खोटं कशाला सांगू तुला? असता."

मनू रडत होती आणि हरणाबाई ते रडणं ऐकत होती. पैशानं मोजलेली ती मिनिटं तिनं तशीच जाऊ दिली. थोड्या वेळानं पलीकडे पुरुषाचा आवाज आला. भाऊसो.

"हरणाबाई, झालं ती लय वाईट झालं. तिसऱ्या फोनला मीबी हितंच हुतो, मलाबी ती खरंच वाटलं. जरा लालासाहेबांना द्या बघू."

"न्हाई देत. आदी माजं ऐका."

"ऐकतो की. पन दमानं घ्या. संस्था हाय, चारचौघांत नाव जातंय. मी येतो, बघतो, त्यांना समज देतो."

"भाऊसो, तुमास्नी वाटतंय तुमी आमाला फोन दिला. तुमी तो ह्या मानसाला दिला. पेटीत घालून कुलूप लावलं ह्यानं, आन् तुमी एक डाव बी येऊन बघितलं न्हाई, कोन बोलतंय, कोन न्हाई. आता समज देऊ नगासा. फोन भाईर पडवीत ठेवा. सरकारी दर काय आसंल ती भिताडावर लिवा. बोलताना शेजारी कुनी बसायचं न्हाई. आन् ज्येला बोलावनं ईल, त्येला उचलून आनायचं, पाय असू देत न्हाईतर नसू देत. ह्ये हुईस्तवर आमी ह्या खोलीतनं हालत न्हाई."

भाऊसो म्हणाले, "परवा येतो."

"या. आमी हितंच हाय."

आणि खरंच ती दोन दिवस तिथंच राहिली. मानसिंग आणि आणखी चारपाच जण आळीपाळीनं तिच्याबरोबर बसले. जेवण धुळा आणून देत होता. लालासाहेबांनी आपलं टेबल कोठीच्या खोलीत हलवलं. गुंडा त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना त्यानं ते बोचकं उचललं. ऱ्हाऊ दे, असं हरणाबाई म्हणाली नाही आणि न्या, असंही म्हणाली नाही. त्यानं ते आपणच नेलं.

भाऊसो कमिटीचे आणखी दोघे घेऊन आले. हुसेनकडून त्यांनी तिन्ही कॉलच्या तारखा उतरवून आणल्या होत्या. बंद दाराआड लालासाहेबांशी बोलणं झालं आणि मग त्यांनी सगळ्यांसमोर ठराव वाचून दाखवला. फोन पडवीत येणार, दराचा कागद लागणार, अर्ज बंद, निधी बंद. माणसं ऐकत होती. पण ठरावाला शेपूट होतं. हरणाबाई आणि मानसिंग यांनी संस्थेची वस्तू मोडली, त्याबद्दल दोघांना खेद वाटतो. खाली अंगठा आणि सही.

मानसिंगचा चेहरा लाल झाला. तो काही बोलायच्या आत हरणाबाईनं विचारलं, "माज्या तीन फोनांचं काय लिवलंय त्यात?"

कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "ते कागदावर कशाला, बाई? संस्थेला बट्टा लागेल. लालासाहेबांनी तोंडी चूक कबूल केली आहे."

"माज्याम्होरं न्हाई केली."

"पेटीचं तेवढं लिहावंच लागतं. नियम आहे."

"चार स्क्रूंचं लिवायचा नियम हाय," हरणाबाई म्हणाली, "आन् लेकराचं लिवायचा न्हाई. मग माजा अंगठा मागू नगा."

भाऊसोंनी मान खाली घातली. त्या गृहस्थांनी शाईची डबी उघडून तिच्यापुढं धरली होती, ती तशीच थोडा वेळ धरून ठेवली आणि मग मिटली. कागद अंगठ्याविनाच गेला. फोन मात्र त्याच दुपारी पडवीत आला, कारण भाऊसोंनी उभं राहून तो आणवला.

पुढं महिनाभर पडवीत घंटी वाजत राहिली. कुणी तासगावला बोललं, कुणी पुण्याला. ज्यांचं कुणीच नव्हतं ते नुसते ऐकायला बसत. आंधळा एक म्हातारा रोज हुसेनला राम राम घालायचा आणि हुसेन फुकट उत्तर द्यायचा. हरणाबाई रोज सकाळी फोनपासून चार हातांवर बसून दोर वळायची. मनूचा फोन आला नाही. तिनं स्वतः दोनदा लावला. एकदा पेढी बंद होती आणि एकदा गुंडा म्हणाला, बरी हाय, दूध उतरलं, ताप न्हाई, पन बोलायचं मन न्हाई म्हन्ती. या वेळी ते खरं होतं आणि हरणाबाईनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

आषाढाच्या सुरुवातीला लालासाहेबांनी दुसरीकडे जागा मिळवली. निघायच्या दिवशी ते सगळ्यांना नमस्कार करत पडवीतून आले आणि हरणाबाईपुढं थांबले. तोच मऊ आवाज.

"हरणाबाई, माणसाकडून चूक होते. मनात राग ठेवू नका. या वयात राग बरा नव्हे."

हरणाबाईनं हातातला दोर खाली ठेवला. "माजं दूध पातळ केलंसा, मी बोलले न्हाई," ती म्हणाली. "फोन बंद केलासा, तवाबी बोलले न्हाई. आता राग बी टाकून दे म्हंतासा. न्हाई टाकत. तुमी जा."

लालासाहेब आणखी काही म्हणणार होते, पण मग त्यांनी पिशवी उचलली आणि ते फाटकाकडे गेले.

मनूचा फोन त्यानंतर नवव्या दिवशी आला. धुळानं आणि आणखी एकानं हरणाबाईला उचलून फोनशी बसवलं. मनू फार बोलली नाही. पेढीशेजारची एक बाई अवघडलीय, दुसऱ्याचं बाळंतपण हाय, पाय सुजल्यात, तुला इचारायला सांगितलंय, एवढंच म्हणाली.

हरणाबाईनं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "तोंड बी सुजलंय का? नीट बगून ये. मी फोन धरून बसते."